भागीबाईंची पेज

"काय राजे, आज दरबार भरला नाय का?" भागीबाई रोज सकाळी कुंपणापलीकडून विचारायच्या. नाटक कंपनीत मी गावोगाव राजे रंगवले होते, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मीही मग खांद्यावरचा पंचा शेल्यासारखा सावरून मुजरा स्वीकारायचो.

नाशकाच्या इंदिरानगरात आमची घरं शेजारी. भागीबाई मूळच्या सुरगाण्याच्या, भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवण्यात आयुष्य गेलेलं. मुलगा दिनेश नाशकात कारकून, सून मीना शाळेत शिक्षिका. नातीला सांभाळायला आजी शहरात आली.

ती नात, तेजल, हेच त्या घराचं दुखणं. तिला फिट्स यायच्या. दोन हजार तीनच्या सुमारास नुसत्या औषधांनी भागेना, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी सोबत एक अजब आहार दिला. तूप, लोणी, साय भरपूर. धान्य आणि साखर बंद. घास न् घास काट्यावर तोलायचा. सकाळी लघवीत एक पट्टी बुडवायची; ती जांभळी झाली, म्हणजे आहार लागू पडतोय.

मुंबईत दवाखान्यात पट्टी गडद जांभळी झाली होती. नाशकात आल्यावर मात्र फिकट ती फिकटच, आणि फिट्सही पुन्हा सुरू.

मीना चक्रावली. तिने काटा बदलला, तुपाचा दुकानदार बदलला. टूथपेस्टमधल्या गोडीवरही संशय घेतला. एकदा माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "काका, तुम्ही बिस्कीट तर देत नाही ना हिला?"

"अगं, माझ्या घरचं बिस्कीट मला चावत नाही, म्हणून मी आणतच नाही!"

ती हसली नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, "पुढच्या भेटीपर्यंत फरक पडला नाही तर आहार थांबवू." त्यापलीकडे त्यांच्याजवळही फारसं काही उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मला ताप आला. दुपारी भागीबाई पितळी पेला घेऊन दारात उभ्या.

"प्या राजे. पोरीला देते तेच हाय. मऊ मऊ."

मी घोट घेतला. पातळ, कोमट, मिठाची चव, आणि मागून येणारा तो मातकट गोडवा. सुरगाण्याच्या दौऱ्यावर आम्ही नटमंडळी हेच पिऊन उभे राहायचो.

"भागीबाई, ही नागलीची पेज आहे?"

"मंग काय दूध हाय?"

"तेजलला रोज देता?"

"देते ना. पोर भाकर नाय, भात नाय, नुसतं तूप खाती. घशाखाली काही उतराया नको?"

"पण धान्य बंद सांगितलंय तिला!"

"डाक्टर गहू म्हणाला, भात म्हणाला, ज्वारी, बाजरी म्हणाला. मी समोर बसले व्हते. नागलीचं नाव त्यानं घेतलं नाय. आन् ही पेज हाय राजे, पाणी! आजाऱ्याला आमच्याकडं हेच देत्यात."

लपवाछपवी कसलीच नव्हती. मीना शाळेत असताना त्या उघड्या ओट्यावर बसून पेज पाजत होत्या. मी त्यांना पट्टीची गोष्ट समजावली: धान्य पेजेतून पोटात गेलं तरी पट्टी फिकट पडते. त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच सुनेला सांगितलं. मीना रागाने उठली आणि तशीच खाली बसली. दिनेश म्हणाला, "आई, मी त्याच पेजेवर वाढलो गं." रागवायचं कुणावर, हे कुणालाच उमगेना.

पेज बंद झाली आणि थोड्याच दिवसांत पट्टी जांभळी झाली. फिट्स कमी झाल्या. पुरत्या गेल्या नाहीत. आहार मात्र चालू राहिला.

भागीबाईंनी नागलीच्या पिठाचा डबा माझ्या ओट्यावर आणून ठेवला. "तुम्ही खा. घरात दिसली का हात जातो." मग हळूच, "राजे, माझ्या नागलीत काय खोट हाय?"

मी म्हणालो, "रंगमंचावर आम्ही रिकामे पेले तोंडाला लावायचो, आणि लोकांना वाटायचं राजा प्यालाय."

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच तेजलने पेज मागितली. भागीबाईंनी नुसत्या कोमट पाण्यात मिठाचा कण टाकला, उलथण्याने ढवळल्यासारखं केलं आणि तोच पितळी पेला तिच्यापुढे धरला. "घे माझी बाय, पेज." पोरीने पिऊन ओठ पुसले, आणि पेला पुन्हा पुढे केला.

भागीबाईंनी तळाशी उरलेला घोट स्वतः घेऊन बघितला.

"ह्यात तं काहीच नाय, राजे."

"नाही."

"मंग ही अजून का मागती?"