जुन्या कागदाची पट्टी

आमच्या सातपूरच्या फ्लॅटमधल्या फिश टँकच्या मागे लावलेला निळा कागद पार विटला होता. तो काढून काळा लावायचा होता. पण मागचं सगळं एकदम बदललं की मासे बुजतात, काचेवर आपटतात, खाणं सोडतात. म्हणून सुट्टीच्या सकाळी मी टँकचा दिवा बंद केला, पडदे ओढले आणि मासे शांत होईपर्यंत थांबलो. मग टँक न हलवता, भिंतीकडच्या फटीत हात घालून चिकटपट्टी हळूहळू सोडवू लागलो.

आई पलंगावर बसून बघत होती. उन्हाळ्यात मी तिला येवल्याहून कायमची इकडे आणली, तेव्हापासून तिचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं.

"एवढं हळू का करतो रे?"

"माशांना धक्का बसू नये म्हणून."

"लय जपतो बाबा माशांना," ती हसून म्हणाली.

माझा हात फटीतच थांबला. तिचं येवल्याचं घर मी एका सकाळीत रिकामं केलं होतं. ती देवळात गेलेली असताना भांडी वाटून टाकली, खाट शेजारच्या मावशींना दिली. आईला त्रास नको, असं सगळ्यांना सांगितलं. ती रडली असती आणि ते मला बघवलं नसतं, एवढंच खरं.

आईनं आयुष्यभर पैठणीच्या मागावर सांधणी केली. साडी विणून झाली की जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागावर तशीच ठेवतात आणि नव्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडतात.

"सगळा काढू नको," ती म्हणाली. "कडेला जुनी पट्टी राहू दे. जुनं टोकच कापलं तर नवं कशाला सांधशील?"

चार बोटं निळं ठेवून मी बाकी काळं लावलं. पडदे उघडले तेव्हा मासे त्या निळ्या कडेशी गोळा झाले होते. दुपारी त्यातला एक काळ्यासमोरून फिरून आला.

मी आईजवळ जाऊन बसलो. "तुला न विचारता घर मोडलं मी. चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली. "आता शेजारणीकडं खाट परत मागू नको. तिची सून झोपते त्यावर." मग टँककडे बघत म्हणाली, "मला चार दिवस तिच्याकडं ने. मग येईन. मग परत ने."

शनिवारची रजा टाकली आहे. आईनं पिशवी आजच भरून दाराशी ठेवली. आत दोनच लुगडी आहेत. बाकीची तिनं इथल्या कपाटात घडी घालून ठेवली.