ढवळायचं नाही

आमच्याकडे शेत नव्हतं. लाल मिरचीचा हंगाम लागला की माय, बाबा आणि मी देऊळघाटजवळ एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर देठ खुडायला जायचो. मजुरी किलोवर मिळायची. मी जरा मान वर केली की माय माझ्याकडे न पाहता म्हणायची, "हात काऊन थांबला वं?" संध्याकाळी ताक लावा, तेल लावा, बोटांची आग जात नसे. भाऊ तान्हा होता तेव्हा माय हाताला पदर गुंडाळून त्याला उचलायची.

रिकामा हात म्हणजे नुकसान, हे माझ्या अंगात असं भिनलं. आजही मी बसले की माझा पाय हलत राहतो.

आठवीत सरांनी फळ्यावर तीन चौकोन काढून त्यांत ठिपके भरले. स्थायूचे कण जागच्या जागी थरथरतात, द्रवाचे एकमेकांवरून घसरतात, वायूचे वाट्टेल तिकडे पळतात. बाकीच्या पोरी वहीत ठिपके मोजून काढत होत्या, मी मात्र नुसती पाहत राहिले. त्या फळ्यावर रिकामं बसलेलं कोणीच नव्हतं. दगडसुद्धा नाही! मला तो धडा आपल्या घरातला वाटला.

आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, मग बी.एड. केलं. हे मी दबक्या आवाजात सांगत नाही. पण नोकरी लागेना. दोन शाळांत पाठ घेऊन दाखवला, दोन्हीकडून "कळवतो" ऐकून परत आले. फोन वाजला की माय चुलीपासून ओरडायची, "त्यायचाच हाय का वं?" शेवटी बाबा म्हणाले, "दसऱ्यापर्यंत वाट पाह्य. नाही तं चाल आमच्यासंगं. खळ्यावर डिग्री कोनी इचारत नाही." तो टोमणा नव्हता. त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं.

दसरा तोंडावर आला असताना बीबी गावाकडच्या एका शाळेतून बोलावणं आलं. वर्ग आठवीचा, विषय पदार्थाचं कणस्वरूप. मागच्या बाकावर संस्थेचे सचिव आणि मुख्याध्यापक बसणार होते. मी लवकर पोचले, काचेचा ग्लास पाण्यानं भरला आणि टेबलावर ठेवून दिला, पाणी पुरतं थांबावं म्हणून. तास सुरू झाल्यावर त्यात पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा सोडला. विहिरीत टाकतात ती लाल दवा. खडा तळाला गेला, भोवती बोटभर जांभळा रंग जमला. आणि पुढे काहीच होईना.

"मॅडम, ढवळू का?" पहिल्या बाकावरची पोरगी उठलीसुद्धा.

"ढवळायचं नाही."

"चमचा इसरल्या वाटते," मागून कोणी तरी म्हणालं. वर्ग हसला.

सचिवांनी मोबाइलवरून मान वर केली. "म्याडम, टाका ना ढवळून. आमाले अजून दोन उमेदवार पाह्याचे हायेत."

टेबलावर पेन होतं. माझी बोटं त्याच्याकडे निघालीच होती. सगळे पाहत असताना समोर काम पडलंय आणि आपण नुसतं उभं राहायचं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि घट्ट आवळले. म्हटलं, "सर, मी ढवळलं तर पोरं म्हणतील, मॅडमनी पसरवलं. मग शिकवू काय?"

सचिवांचा मोबाइल खिशात गेला.

मी पोरांना विचारलं, "काळीपिवळी जीपमध्ये कोण कोण बसलंय?" सगळे हात वर. "गाडी गच्च भरली की जागा बदलता येते?"

"कुठची! पाय काढाले जागा नसते."

"मग गप्प बसता?"

"नाही मॅडम, खड्ड्याखड्ड्याले हालतो. एकदा तं आज्याची टोपी माह्या डब्ब्यात पडली."

"जागा सुटत नाही, पण हालणं चालू. स्थायूचे कण तसे. फक्त त्यांना खड्डा लागत नाही, ते आपले आपण हालतात." मग द्रव म्हणजे आठवडी बाजारातली गर्दी झाली, आणि वायू कोणता हे पोरांनीच सांगितलं: सुटीची घंटा झाल्यावरची शाळा. एवढं होईपर्यंत ग्लास अर्ध्याच्या वर जांभळा झाला होता.

तास संपला. निकाल दुपारी सांगू म्हणाले. मी व्हरांड्यात येरझारा घालत राहिले. दर फेरीला खिडकीतून ग्लास पाहायचा. मधल्या सुटीत पोरं टेबलाभोवती राखणीला उभी होती, "दूर बे, धक्का लागन!" म्हणत एकमेकांनाच ढकलत.

दुपारी दोघं पुन्हा वर्गात आले. रंग वरपर्यंत पोचला होता. सचिवांनी दरडावून विचारलं, "कोनं ढवळलं हे?"

"कोनीच नाही!" अख्खा वर्ग ओरडला.

सचिव हसले. मला वाटलं, झालं काम. पण मुख्याध्यापक विज्ञानाचे होते. ग्लास उजेडाकडे धरून त्यांनी विचारलं, "मॅडम, हे सगळं कणांच्या हालण्यानंच झालं?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच आटपलं असतं.

"नाही सर," मी म्हणाले. "निव्वळ तेवढ्यानं व्हायला कितीतरी दिवस लागले असते. खिडकीच्या उन्हानं पाणी कमीजास्त तापलं, त्याचे प्रवाह झाले, त्यांनी मदत केली. पण प्रवाह नसते तरी हे पसरणं थांबलं नसतं."

"हे पोरांना सांगितलं का?"

"नाही. ते पुढच्या तासाला."

त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि सचिवांकडे वळून म्हणाले, "मग पुढचा तास यांनाच घ्यावा लागेल."

दसऱ्याच्या आधीच मी त्या शाळेत रुजू झाले. आज मी तिथं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, आणि माझी नोकरी कायम झाली आहे.