मोटारीची मोरकी

आमच्या कनेरगावचा लोहार कामाला हात घालण्याआधी त्या वस्तूवर एक थाप मारायचा, मग ते गाडीचं चाक असो की नांगराचा फाळ. मला तो जरा चक्रमच वाटायचा.

एकदा देशमुखांची दोन माणसांची लाल शर्यतीची मोटार संस्थानच्या सरहद्दीवरल्या नाक्यावरून परत आली. पुढं नंबराची पाटी नसेल तर इंग्रजी हद्दीत सोडणार नाही, असं शिपाई म्हणाला होता. देशमुखांना तर त्याच दिवशी वाशीमला मुलीचं लग्न जमवायला जायचं होतं.

"तोंडाला दोन भोकं पाड आन् पाटी ठोक," ते लोहाराला म्हणाले.

लोहारानं मोटारीवर थाप मारली. "मारकी हाय का, मालक?"

"न्हाई."

"मंग नाक काहून टोचता?"

त्यानं आपल्याच बैलाच्या तोंडावरची मोरकी सोडून आणली, मोटारीच्या दोन दिव्यांना बांधली आणि तिला पाटी अडकवली. शिपायानं सोडलं. लग्नही जमलं. पाटी पुढं तशीच राहिली.

काही वर्षांनी मोटार कायमची बंद पडली आणि गोठ्यात जाऊन उभी राहिली. तेव्हा लोहार न बोलावता आला. मोरकी सोडून त्यानं पाटी देशमुखांच्या हातात दिली.

"मेल्यावर मोरकी ठेवत न्हाईत, मालक," म्हणाला आणि निघाला.

त्या दिवशी त्यानं थाप मारली नाही.