शाकेद आणि शोकेद
पायाखाली देशी बदामाचं पिकलेलं फळ चिरडलं की त्या आंबूस वासाबरोबर मला अलिबागचा एक शनिवार आठवतो. यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक मी घरी एकटीच अभ्यासत होते, आणि त्यावर चर्चमधल्या बायकांचा वर्ग घ्यायचं मनात होतं. पाळकसाहेबांना ते पटेना. म्हणाले, "देव यिर्मयाला बदामाची डहाळी दाखवतो आणि सांगतो की मी माझ्या वचनावर जागा आहे. बदामाचा आणि जागण्याचा संबंध काय? उद्या सांगा, मग वर्ग घ्या." मी अंगणातल्या बदामाकडे बघून डोकं शिणवलं, पण तो आपला देशी बदाम, बायबलमधला नव्हे, त्यात काय सापडणार? शेवटी शेजारच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, काकांकडे गेले. ते नुकतेच मशिदीतून आले होते. आपल्या प्रार्थनाघराला ते मशीदच म्हणत. "आमचा संदेष्टा आणि परीक्षा तुझी!" काका हसले. "मराठीत जन्मभर शोधलंस तरी मिळायचं नाही. आमच्या इब्री भाषेत बदाम म्हणजे शाकेद, आणि जागा राहणारा तो शोकेद. कानाने वाच, बाय." मग डोळे बारीक करून म्हणाले, "उद्या यातून तुझा येशू काढणार ना?" "काढणार," मी म्हटलं, "पण शब्द तुमचा, हे आधी सांगेन." "मग हरकत नाही." रविवारी मी दोन्ही शब्द मोठ्याने म्हटले. पाळकसाहेबांनी ते स्वतःशी पुटपुटून पाहिले आणि वर्ग किती वाजता ठेवायचा, एवढंच विचारलं. तो वर्ग आजही मीच घेते. काका आता नाहीत. त्यांचा मुलगा माझ्या वर्गाला कधी येणार नाही, पण अडलेला शब्द मात्र तोच सांगतो.