मंडईच्या तोंडावर तुंबलेली टाकी

त्या शुक्रवारी सकाळी मी आंघोळ करून नहाणीतून बाहेर पडले तेव्हा पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं आणि शेजारच्या संडासातून कोणी जेवून उठल्यावर ढेकर द्यावा तसा आवाज येत होता. मी बादलीभर पाणी ओतून पाहिलं. ते गेलं नाही. उलट थोडं वर आलं.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि पाण्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाल्या, "रविवारी अकरा जण येऊन राह्यले."

आमचं गाव वडशापासून सहा किलोमीटरवर. धान कापून घरात आला की इकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटक लागतं आणि ज्या गावात नाटक त्या गावात प्रत्येक घरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, जावयांचे भाऊ येतात. आमच्याकडे आरमोरीहून माझी नणंद, तिचा नवरा आणि बाकी सगळे मिळून अकरा. आणि संडास एक.

मी वडशाच्या मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याला फोन लावला. तो मनापासून हसला. "मॅडम, मंडईच्या दिवसात सगळ्या गावच्या टाक्या एकदमच भरतेत. पंधरा दिवसांनी येतो."

मग नवऱ्याला लावला. तो नोकरीला मुलचेऱ्यात, पंधरा दिवसांतून एकदा घरी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यूट्यूबवर पाह्य ना, सगळं दाखवतेत." एवढं बोलला आणि त्याच्याकडची रेंज गेली. मुलचेऱ्याची रेंज नेमकी अशाच वेळी जाते.

"जावयाले काय डब्बा देऊन वावरात पाठवू?" सासूबाईंनी विचारलं.

तोवर माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते, नहाणीच्या उंबऱ्यावर उकिडवे बसले होते. मामाजी रिटायर्ड वनरक्षक. सगळी नोकरी जंगलात पायी फिरण्यात गेली. त्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट बिघडली की ते आधी तिचा माग काढतात. मिक्सर बंद पडला तेव्हाही त्यांनी तो उलटा करून पाच मिनिटं नुसता पाहिला होता. आताही त्यांनी जाळीतून खाली पाहिलं, कान लावला, बोट बुडवून वास घेतला. मी तोंड फिरवलं.

"पुढी बसून आहे," ते म्हणाले. "इथी नाई. पुढी."

"कोण?" मी विचारलं.

"जे काय आहे ते."

माणूस बोलवायचा विषय सासूबाईंनी काढला, तर मामाजी एकदम कडक झाले. "कोणाले बोलवायचं नाई. आपली घाण आहे, आपण काढू." असं ते कधी बोलत नाहीत.

मी शाळेत शिकवते, शनिवारी शाळा सकाळची असते. अकराला घरी आले तेव्हा अंगणात बांबू पडले होते. मामाजींनी दोन नापास केले होते, एक कोवळा म्हणून आणि एक त्याची गाठ त्यांना आवडली नाही म्हणून. तिसऱ्याच्या लांब कमच्या, म्हणजे चिरलेल्या पट्ट्या, काढून त्यांनी एकीला एक तारेने बांधली होती आणि टोकाला फडकं गुंडाळलं होतं. तीस-पस्तीस फूट लांब, वळणारी पण न मोडणारी अशी ती वस्तू झाली होती. मला त्यांचं खरंच कौतुक वाटलं. मी पदर खोचला, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या आणि आम्ही दोघं कामाला लागलो. ते नहाणीच्या भोकातून कमची ढकलत, मी मागून सोडत जाई.

दहा-बारा फूट आरामात गेली. मग अडली. मामाजींनी पिळली, ती पुन्हा सरकली. मग आणखी थोडी. आणि अचानक त्यांच्या हाताला झटका बसला.

"थांब," ते हळूच म्हणाले. "आतून मारून राह्यलं."

"काय मारून राह्यलं?"

"जित्तं आहे."

मीही हात लावला. खरंच, पलीकडून कोणी तरी कमचीवर टक-टक मारत होतं. मामाजींचे डोळे बारीक झाले. "घोरपड असन," म्हणाले आणि जोरात ढकलली. पलीकडून तिप्पट जोरात मार आला. त्यांनी पुन्हा ढकलली. असं चार-पाच वेळा झालं. मी आता कमची सोडून द्यायच्या बेतात होते. मामाजी मात्र दहा वर्षांनी लहान दिसत होते.

तेवढ्यात कुंपणापलीकडून किंकाळी आली. "साप! अजी, इतना लंबा साप! मरताच नाई!"

आमच्या शेजारी चाचा आणि चाची राहतात. चाचांचं सायकल दुरुस्तीचं आणि वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. चाची मागच्या मोरीवर भांडी घासत बसल्या होत्या आणि मोरीच्या भोकातून फडकं गुंडाळलेलं एक तोंड वर आलं होतं, हळूहळू, डोलत. चाची घाबरून पळणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी उलथनं उचललं आणि त्या तोंडावर घाव घालायला सुरुवात केली. ते तोंड आत जायच्या ऐवजी प्रत्येक घावाला आणखी वर येत होतं.

आम्ही धावत पोचलो तेव्हा चाचा हातात सळई घेऊन उभे होते आणि चाची घामाघूम झाल्या होत्या. मामाजींनी कमची पाहिली, फडकं पाहिलं, वाकलेलं उलथनं पाहिलं. "आमचंच आहे," ते म्हणाले.

चाची मटकन खाली बसल्या. मग हसू लागल्या, ते त्यांना थांबवता येईना. मलाही येईना. मामाजी मात्र गंभीर होते. घोरपड गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

त्यातून एक गोष्ट कळली. दोन्ही घरं पूर्वी एकाच धानगिरणीवाल्याची. त्याने दोन्हीकडचे पाइप मागे एकत्र जोडून एकाच टाकीत सोडले होते. म्हणजे आमचं तुंबलं तर त्यांचंही तुंबणार.

"तुमच्याकडे पण तुंबलं का, चाची?" मी विचारलं.

चाची लाजल्या. "तीन दिवस झाले, बेटा. पर ऐसी बात सांगायची कशी?"

आम्हीही शुक्रवारपासून त्यांना सांगितलं नव्हतं. दोन घरं भिंतीच्या दोन बाजूंना गुपचूप नाक धरून बसली होती.

रविवारी सकाळी चहा घेऊन चौघं मागच्या अंगणात जमलो. दोन घरांमधल्या पाइपात काही नव्हतं, म्हणजे अडथळा पुढे, टाकीच्या तोंडाशी असणार. पण टाकी कुठे? मी तरी तिचं झाकण कधी पाहिलं नव्हतं. मामाजी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन जमिनीवर ठोकत फिरू लागले. ठोकायचं, ऐकायचं, पुढे जायचं. "इथी असन," म्हणत त्यांनी पेरूजवळ खणायला लावलं. तिथे नुसते दगड. मग कुंपणाजवळ. तिथे एक चप्पल निघाली. मग माझ्या मेथीच्या वाफ्यात. मी कळवळून म्हटलं, "मामाजी, परवाच उगवली आहे." पण त्यांना तिथे पोकळ आवाज आला होता म्हणे. मेथी गेली. खाली मुरूम होता.

साडेनऊ वाजले. पाहुणे संध्याकाळी चारच्या बसने येणार होते.

चाचा इतका वेळ डोकं खाजवत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, मले थोडं आठवते. टाकी घराच्या मागं सरळ लाईनमंदी होती. तुमच्या नहाणीपासून असं सीधं..." त्यांनी हात लांब केला. तो हात मामाजींच्या पायांवर जाऊन थांबला.

मामाजी ओट्यावर उभे होते. तो सिमेंटचा ओटा त्यांनी रिटायर झाल्यावर स्वतःच्या हाताने बांधला होता. रोज सकाळी ते त्यावर बसून चहा पितात, पेपर वाचतात आणि मागच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला कुठे चालला ते विचारतात.

"ओट्याखाली असेल का?" मी विचारलं.

"ओट्याखाली काय राह्यते?" मामाजी म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला. "यायले माहीत आहे. झाकणावरच बांधला यायनं. मी तवाच म्हणलं होतं."

चाचा आकाशाकडे पाहू लागले. मला माझी मेथी आठवली आणि जीभ वळवळली, पण मामाजींचं तोंड पाहून मी गप्प राहिले.

"मले वाटलं," ते हळूच म्हणाले, "मी मरतवरी टाकी तशीच चालून जाईन, ओट्याले हात नाई लावा लागणार."

मग त्यांनी सब्बल उचलली आणि पहिला घाव स्वतःच घातला. बाकीचा ओटा चाचांनी फोडला. तासाभरात खाली कडी असलेली सिमेंटची फरशी दिसली. दोरी बांधून आम्ही ती बाजूला ओढली आणि जो वास आला त्याबद्दल मी लिहिणार नाही. चाची थेट घरात गेल्या आणि खिडकीतून सूचना देऊ लागल्या.

मामाजींनी सगळ्यांना दहा पावलं मागे नेलं. "कोणी वाकून पाह्याचं नाई. बिडी नाई, काडी नाई. दुपारवरी उघडं राहू द्या."

"एवढा वेळ कशाला, भाऊ?" चाचा म्हणाले.

तेव्हा मामाजींनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला ते जंगलातल्या एका क्वार्टरमध्ये राहत. तिथली टाकी तुंबली, साहेबाने गावातून माणूस बोलावला आणि त्याला दोर बांधून आत उतरवलं. "दोर माह्या हातात होता," मामाजी म्हणाले. "दोन मिनिटांत ढिला पडला. आम्ही तिघांनी वढला. तोंड निळं झालतं त्याचं. वाचला. पण आठ दिवसांनी दुसऱ्या क्वार्टरवर तोच माणूस पुन्हा उतरून राह्यला होता. मी म्हणलं, काऊन रे, पुन्हा काऊन उतरला? तर म्हणे, मले नाई तर कोणाले बोलावन, साहेब?"

"त्याले आम्ही चहासुद्धा दूरूनच देत होतो," ते म्हणाले.

लग्नाला चौदा वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. दारातल्या सासूबाईंनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण त्या आत गेल्या आणि सगळ्यांसाठी पुन्हा चहा घेऊन आल्या.

दीड वाजता आम्ही तोंडाला रुमाल बांधले. टाकी भरत आली होती, पण काठोकाठ नव्हती. खरा घोटाळा पाइपाच्या तोंडाशी होता. तिथे काळ्या केसांचा अंबाडा घालावा तसा एक गोळा अडकला होता. चाचांनी दुकानातून सळई वाकवून आकडा करून आणला, तो कमचीला बांधला आणि आम्ही तिघांनी दुरूनच, उभ्याने, तो गोळ्यात अडकवला.

"वढा!"

काही झालं नाही.

"आणखी!"

गोळा सुटला आणि आम्ही तिघंही एकदम मागे बसलो. मी माझ्याच मेथीच्या वाफ्यात. आकड्याला साडेतीन-चार फुटांची मुळांची वेणी लोंबत होती आणि तिच्यात भांडी घासायची राख, साबणाचे तुकडे, नारळाची शेंडी आणि एक स्टीलचा चमचा. लगेच पाइपातून भळभळ पाणी सुटलं. दोन घरांचं तीन-चार दिवसांचं पाणी. खिडकीतून चाची ओरडल्या, "गेलं! आमच्या मोरीतलं गेलं!" आणि सासूबाईंनी नहाणीतून बादलीमागून बादली ओतायला सुरुवात केली. गरज नव्हती, पण त्यांना थांबवायची कोणाची हिंमत झाली नाही.

मामाजी मुळं निरखत होते. झाडाच्या बाबतीत ते चुकत नाहीत. "शेवगा," ते म्हणाले. आमचाच शेवगा, कुंपणाजवळचा. दरवर्षी लदलदून शेंगा देणारा. त्यातल्या निम्म्या आम्ही चाचांकडे पाठवत होतो आणि चाची सगळ्या मोहल्ल्यात त्यांची तारीफ करत होत्या.

चाची खिडकीतून म्हणाल्या, "बेटा, अगले साल शेंगा तुमच्याच घरी ठेवजा."

फरशी पुन्हा बसवली, अंगण धुतलं, फिनेलची अख्खी बाटली ओतली. दोनदा आंघोळ करून मी केस पुसत होते तोच पाहुणे आले. जावयांनी मागचं फुटलेलं सिमेंट पाहिलं आणि काय झालं विचारलं. सासूबाई विषय बदलणार होत्या, पण मामाजींनी खुर्ची मागवली, फरशीच्या बाजूला टाकली आणि जावयांना सगळं सुरुवातीपासून सांगितलं. चाचींचं उलथनं दोनदा. घोरपड मात्र वगळली. शेवटी अकराही पाहुण्यांना उभं करून संडासात काय टाकायचं नाही ते त्यांनी समजावलं. नणंदेने कपाळाला हात लावला.

दोन दिवस अकरा जणांनी संडास वापरला आणि एकदाही आवाज आला नाही. पुढे पंधरा दिवसांनी गाडीवाल्याने येऊन टाकी उपसून दिली. मामाजी तो जाईपर्यंत फरशीजवळून हलले नाहीत.

दोन दिवसांनी पाहुणे निघाले तेव्हा जावई मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "वहिनी, आरमोरीलेबी आमची मोरी महिन्यापासून धीमी आहे. मामाजी येतीन का?"

मी मामाजींकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. "रविवारी सुट्टी राह्यते ना तुले?" त्यांनी मला विचारलं.

आम्ही गेलो. कमच्या एसटीत चढवू देईनात म्हणून तिथेच नवा बांबू घेतला, दिवसभर खपलो, आणि काही म्हणजे काही निघालं नाही. संध्याकाळी मामाजी नणंदेच्या अंगणात हात धुत उभे होते. "हे सिमेंटचं दिसते," ते म्हणाले. "कोणी तरी मसाला ओतला असन. हे आपल्याच्यानं नाई होत." मग पोटभर जेवले आणि बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या बसल्या झोपले.