टकरीचा डॉलर

हातात आलेल्या रुपयाचं काय घ्यावं, हा विचार ज्याच्या मनाला कधी शिवला नाही असा माणूस साऱ्या मावळात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान घाटमाथ्याजवळच्या एका लहानशा स्टेशनात तिकिटं विकत. इतर बाबू रुपया फरशीवर वाजवून घेत. खणखणला की खरा. आमचे साडू रुपया वाजवत नसत, वाचत. खिडकीच्या उजेडात धरून, भिंग डोळ्याला लावून, आधी राजाची मान, मग कान, मग दाढी. तोवर गाडी शिटी देई. एकदा उर्से गावचा एक म्हातारा शेतकरी रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाबू, खोटा हाय का काय? सांगा की!" साडू आनंदाने ओरडले, "खोटा कसला, आबा? टकरीचा आहे!" म्हाताऱ्याने घाईघाईने कनवटीला हात घातला. "मग ऱ्हाऊ द्या, दुसरा देतो." "नको नको, हाच द्या!" या ओढाताणीत गाडी निघून गेली. पुढची सव्वादोन तासांनी होती. साडूंनी स्वतःचा एक रुपया गल्ल्यात टाकला, तो टकरीचा खिशात घातला आणि आबांना आपल्या डब्यातली भाकरी दिली. यातलं एकही काम ते कधी चुकवत नसत, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

ही टक्कर म्हणजे काय तेही सांगतो, कारण मला ती अकरा वेळा समजावून देण्यात आली आहे. टांकसाळीत नाण्याचे दोन ठसे असतात, एक वर, एक खाली. मधे चांदीची कोरी चकती ठेवायची आणि यंत्राने दाबायचं. कधी चकती ठेवायचीच राहते, आणि ठशावर ठसा आदळतो. मग एका ठशाची एखादी पुसट रेघ दुसऱ्यावर उमटते, आणि त्यानंतर त्या जोडीतून निघणाऱ्या प्रत्येक नाण्याच्या अंगावर ती येते. म्हणजे राजाच्या गळ्याशी मागच्या बाजूच्या वेलीचं अर्धं पान, तेही उलटं. हे पान कुठे, केवढं, किती तिरकं, यावरून साडू टकरीचे प्रकार ठरवून वहीत लिहीत, आणि एकाच जोडीतून निघालेली दोन नाणी सापडली की त्यांना 'सख्खी भावंडं' म्हणत. उलटी अक्षरं वाचायला घरातला कुंकवाचा आरसा लागे, त्यामुळे मेहुणीबाईंचं कुंकू बहुधा अंदाजानेच लागलेलं असे. "लग्नात यांनी आधी ओटीतला रुपया पाहिला, मग मला," त्या म्हणायच्या. "माझ्यात टक्कर सापडली नाही, म्हणून पुन्हा रुपयाकडे वळले." साडू भिंगामागून म्हणत, "ती नंतर सुरू झाली." आमच्या सत्यनारायणाला त्यांनी दक्षिणेचा रुपया उचलून उजेडात नेला, तेव्हा गुरुजी पोथी मिटून त्यांच्या मागोमाग ओटीवर आले आणि रुपया परत ताम्हनात पडेपर्यंत तिथेच उभे राहिले. लक्ष्मीपूजनाला घरोघर रुपये चिंच-राखेने घासून लख्ख करतात. साडूंच्या घरी त्यांना नुसतं पाण्याचं बोट लागे. "राखेने आधी टक्कर जाते, मग राजा," असं त्यांचं म्हणणं.

बाजारपेठेत भुसार मालाचं दुकान असलेले एक गृहस्थ होते, त्यांना सारे चाचा म्हणत. त्यांचा भाऊ बोटीवर खलाशी. त्याने सिंगापूरहून चांदीचा एक डॉलर आणला. एका अंगाला त्रिशूळ आणि ढाल घेतलेली बाई, दुसऱ्या अंगाला चिनी अक्षरं. चाचांनी तो कौतुकाने दाखवला, आणि साडू दुकानाच्या पायरीवर बसले ते उठेनात. "बाबू, नाणं बघताय का नवरी?" चाचा म्हणाले. "दोन गिऱ्हाइकं परत गेली तुमच्या पाठीला बघून." ढालीशेजारी केसाएवढी एक कमान होती. टक्कर! त्यातून परदेशात चालणारा हा डॉलर आपल्याच मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला, हे कळल्यावर साडूंना माहेरवाशीण घरी आल्याचा आनंद झाला. अडीच रुपये मोजून त्यांनी तो घेतला आणि पुढची नऊ वर्षं त्याचं भावंड शोधलं. मावळात दुसरा डॉलर कुठून येणार, असं मी विचारलं. "एक आला ना?" ते म्हणाले. एकावरून सरासरी काढता येत नाही, हे मी त्यांना पटवू शकलो नाही.

आणि तो आला. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघे भाजी घेत होतो. भाजे गावाहून येणाऱ्या एक मावशी वालाच्या शेंगा घेऊन बसत. त्या शेराला दीड आणा म्हणत होत्या, मी पाच पैशांवर अडलो होतो. अखेर मी हरलो, आणि सुटे पैसे परत घेतोय तोच साडू मावशींच्या तोंडासमोर वाकले.

"ओ बाबू, लांबनं बोला!" शेजारची कांदेवाली ओरडली. "ह्या वयात काय बघताय वं?"

"गळ्यातलं... ते नाणं," साडू बोट दाखवत म्हणाले.

मावशी हसल्या. काळ्या दोऱ्यात ओवलेला डॉलर त्यांनी वर उचलला. "हे व्हय? आमचं धनी मुंबईला गोदीत व्हतं, तवा आनलंया. लय जड हाय."

"तीच कमान! बघा, बघा!" साडूंनी माझा दंड दाबला. भिंग घरी राहिलं होतं. "मावशी, पुढच्या बाजारी माझं नाणं घेऊन येतो. पाच मिनिटं शेजारी धरून बघू द्याल?"

"बघा की. बघून काय झिजतंय व्हय?"

त्या आठवड्यात साडू तीन वेळा जेवायला विसरले, अशी मेहुणीबाईंची मोजणी होती.

पुढच्या बाजारी मावशी लवकर येऊन बसल्या होत्या. आम्हाला पाहताच त्यांनी दोरा काढून डॉलर साडूंच्या तळहातावर ठेवला. तो नव्या चांदीसारखा झळकत होता. "तुमी भिंगानं बघनार म्हनलासा," त्या म्हणाल्या, "मग काळं-बेरं कसं दावायचं? चिंच लावली, राख लावली, वर बारीक वाळू. माझ्या सुनंनं दोन दिस घासलंय."

साडूंनी भिंग लावलं. माझ्या घड्याळाने सतरा मिनिटं ते पाहत राहिले. त्रिशूळाची टोकं बोथटली होती, ढाल सपाट झाली होती. ढालीशेजारी काहीच नव्हतं. मावशींचा चेहरा हळूहळू उतरू लागला.

"गावलं का वं, काय हुडकत व्हता ते?"

माझे साडू गाडीच्या वेळेतल्या अर्ध्या मिनिटाच्या फरकावरून वरिष्ठांशी वाद घालणारे. खोटं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी भिंग धोतराच्या सोग्याला पुसलं. "गावलं, मावशी. अगदी सख्खं भावंड निघालं. आणि ठेवलंय किती सुरेख तुम्ही!"

मावशी अशा खुलल्या की दोन मुठी शेंगा त्यांनी साडूंच्या पिशवीत फुकट टाकल्या. माझ्या नाही.

वहीचा त्यांचा नियम असा, की नाणं हाताशी नसेल किंवा खूण त्यावर उरली नसेल, तर ती दोघांनी डोळ्यांनी पाहिलेली असावी. एकट्याच्या आठवणीवर नोंद करायची नाही. परतताना वळणावर थांबून त्यांनी, माझ्याकडे न बघता, विचारलं, "गेल्या बाजारी तुम्ही होतात की. कमान पाहिलीत ना?"

मी खरं ते सांगितलं. "नाही. मी सुटे पैसे मोजत होतो."

"बरोबर," ते म्हणाले. "न पाहिलेलं पाहिलं म्हणू नये." आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागले.

नोंद झाली नाही. साडूंना जाऊन आता चार वर्षं होतील. मेहुणीबाईंनी वही मला दिली, ती मी दोनदा वाचून काढली. प्रत्येक पानावर माझं नाव साक्षीदार म्हणून कुठे ना कुठे आहे. डॉलरच्या भावंडाची ओळ मात्र कोरी. मी उत्तर दिलं ते खरंच होतं, आणि आजही विचारलं तर तेच देईन, असं मी म्हणत आलो आहे. हल्ली म्हणताना आवाज थोडा उतरतो. त्या दिवशीचे सुटे पैसे बरोबर भरले होते.