मोबाईलमधला बांध

धायरीतल्या आमच्या जमिनीवर आता पार्किंग आहे. त्या जमिनीत मी आणि माझी धाकटी जाऊ अर्धं आयुष्य खुरपत होतो. जाऊ आता मुलाकडे वाघोलीला असते. तिचे गुडघे गेले, मला बसची पायरी चढवत नाही. फोनवर बोलायचं म्हटलं तर दुखण्यांपुढे गाडी जात नाही. म्हणून सुनेने दोघींच्या मोबाईलवर शेतीचा खेळ घालून दिला. शेताला शेत लागून, मध्ये बांध. मी तिच्या वांग्यांना पाणी द्यायचे, ती माझं तण काढायची. आमची भेट ती एवढीच.

एकदा पैसे भरा, जाहिराती कायमच्या बंद, असं कंपनी म्हणाली. भरले. कंपनीचं कायम दिवाळीपर्यंत टिकलं. मग म्हणाली, नवा खेळ आणतोय. शेत, बैल, शेजारी सगळं जसंच्या तसं मिळेल.

जुना खेळ बंद व्हायचा होता त्या दिवशी माझा कांदा तयार होता. गोदामात न्यायला बैलगाडी जुंपावी लागते. जाऊने फोन केला, "अक्का, आज अमावस्या हाय. बैल जुंपू नका."

सून हसली. "अहो आई, मोबाईलमधले बैल आहेत ते!"

"मग त्यांनी काय पाप केलंय?" मी म्हटलं. "राहू दे कांदा. कंपनीने शब्द दिलाय."

सकाळी नव्या खेळात बघते तर कांदा नाही, बैल नाहीत. बांधापलीकडे काळा चष्मा लावलेला कोणी बाप्या. जाऊचं शेत कुठे गेलं ते कंपनीलाच ठाऊक. शेजारी परत हवा असेल तर वेगळे पैसे. आमच्या भावकीत बांधावरून डोकी फुटली, पण शेजारी विकत देण्याची अक्कल कोणाला सुचली नव्हती.

सुनेने तक्रार केली. ती हिंजवडीला असल्याच एका कंपनीत आहे, तिला त्यांची भाषा येते. उत्तर आलं, "आपण आमच्या कुटुंबातल्या आहात." कुटुंबात जमिनीचं काय होतं हे त्यांना चांगलं माहीत असावं.

सोसायटीच्या बाकावरच्या सगळ्या बायकांना या खेळाचा नाद मीच लावला होता, तोही फुकट. संध्याकाळी खाली गेले आणि एकेकीला खेळ काढून टाकायला लावला. एक म्हणाली, "माझी द्राक्षं लागलीत हो." म्हटलं, "ठेव मग. तुझी वेल उद्या कोणाच्या मांडवावर चढवतील ते बघ." तिनेही काढला.

रविवारी सुनेने मला गाडीने वाघोलीला सोडलं. जाऊने दार उघडलं. "अक्का, जाड झालात."

"तू वाळलीस."

आठवडाभर राहिले. तिथेच कंपनीचा मेसेज आला : तुमची आठवण येते, परत या, एक बैल भेट.

जाऊने चष्मा लावून वाचला. "एकच? आन् जुवाच्या दुसऱ्या बाजूला कोण, त्यांचा मॅनेजर?"